घोड्याला मदार चिकटवली म्हणजे उंट होत नाही

प्रति,
संपादक महोदय,
सादर नमस्कार.

विषय : मुलांच्या पुरवणीतील उंटाचे चित्र आणि त्याखालील मजकूर

आपल्या दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत अलीकडेच उंटाविषयी एक पानभर सचित्र मजकूर प्रसिद्ध झाला. पान देखणे होते, अक्षरे मोठी होती आणि मुलांना वाचावेसे वाटेल अशी भाषा होती, हे आधी नमूद करते. परंतु त्या पानावरचा प्राणी उंट नव्हता. वेगाने निघालेल्या त्या प्राण्याचा पुढचा उजवा आणि मागचा डावा असे तिरके पाय एकाच वेळी हवेत होते, चारही पायांना घोड्यासारखे अखंड खूर होते, मांडीवरची कातडी सरळ पोटाला जाऊन भिडली होती, आणि खालच्या चौकटीत ‘उंट आपल्या मदारीत पाणी साठवतो’ असे ठळक अक्षरांत छापले होते. दोन मदारींच्या उंटाकडे दुप्पट पाणी असते, अशी पुस्तीही त्याला जोडलेली होती.

मी अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली असल्यामुळे ही चूक कशी होते ते मला चांगले ठाऊक आहे. चित्रकाराच्या हाताला घोडा सवयीचा असतो. तो मनात घोडाच काढतो, मग मान लांबवतो, पाठीवर एक उंचवटा देतो, ओठ थोडे लोंबते ठेवतो आणि खाली उंट असे लिहून मोकळा होतो. मजकूर लिहिणाऱ्याचेही तेच होते. इतर प्राण्यांपेक्षा हा वेगळा दिसतो तो त्या उंचवट्यामुळे, तेव्हा याच्या साऱ्या करामती त्या उंचवट्यातच असणार, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात उंटाचा सांगाडा, पाय, तळवे, नाक, रक्त हे सगळेच घोड्याहून निराळ्या हिशेबाने बनलेले आहे आणि त्या हिशेबात मदारीचा वाटा वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे. पत्र लांबणार आहे. ते छापताना आपण काटछाट केली तरी चालेल, मात्र चालीविषयीचा भाग कापू नये, एवढी विनंती करते.

चालीपासूनच सुरुवात करते. घोडा वेग वाढवून दुडकीवर आला की त्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात, म्हणजे पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, त्यानंतर उरलेले दोन. उंट असा दुडकत नाही. त्याचे एकाच बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही पाय जवळजवळ एकाच वेळी उचलले जातात, एकाच वेळी पुढे जातात आणि एकाच वेळी टेकतात. तोवर साऱ्या देहाचा भार दुसऱ्या बाजूच्या दोन पायांवर असतो. सावकाश चालताना ही गोष्ट थोडी झाकली जाते, कारण तेव्हा मागचा पाय आधी निघतो आणि त्याच बाजूचा पुढचा पाय किंचित मागाहून निघतो. घोड्याच्या सावकाश चालीतही पायांचा क्रम हाच असतो, फरक फक्त मधल्या अवकाशाचा आहे. उंटाच्या बाबतीत तो अवकाश इतका लहान असतो, की कडेने पाहणाऱ्याला एका बाजूचे दोन पाय दोरीने बांधल्यासारखे भासतात. वेग वाढला की तेवढाही अवकाश उरत नाही. आपल्या चित्रातला उंट वेगात होता, त्यामुळे ती चूक कोणत्याही सबबीखाली झाकता येण्यासारखी नाही.

असे का होते, हे मुलांना समजावण्यासाठी मी वर्गात एक खेळ करून घेत असे. दोन मुलांना एकामागे एक अगदी जवळ उभे करायचे, मागच्याने पुढच्याच्या खांद्यांवर हात ठेवायचे आणि दोघांनी मिळून लांब लांब पावले टाकत खोलीभर चालायचे. पुढच्याने उजवा आणि मागच्याने डावा पाय टाकला, की लवकरच मागच्याचे बोट पुढच्याच्या टाचेवर आदळते आणि वर्गात हशा पिकतो. दोघांनी एकाच बाजूचे पाय बरोबर टाकले की पावले कितीही लांब पडोत, कोणी कोणाला ठेचत नाही. उंटाची अडचण नेमकी हीच आहे. त्याचे पाय फार लांब आहेत आणि पायांच्या मानाने धड आखूड आहे. तो लांब टांगा टाकत दुडकला असता, तर मागून येणारे पाऊल पुढच्या पायावर आपटले असते. एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर हलवले की मागचा पाय पुढे येईपर्यंत पुढच्या पायाने जागा सोडलेली असते. जिराफही सावकाश चालतो तेव्हा त्याचे पाय बरेचसे असेच पडतात, परंतु वेग हवा असला की तो मधली पायरी गाळून थेट झेपा घेत पळू लागतो. उंट मात्र ही एका बाजूची चाल बऱ्याच वेगापर्यंत टिकवतो. घोड्यांपैकी काहींना रवाल येते, ती याच जातकुळीची चाल आहे. घोड्यात ती काहींची खासियत असते, उंटात ती सर्वांची असते.

याची किंमतही आहे. एका बाजूचे दोन्ही आधार एकदम काढून घेतले, की देह त्या बाजूला कलणार हे उघड आहे. उंट हे दोन उपायांनी सांभाळतो. त्याची छाती अरुंद आहे आणि पाय धडाच्या मध्यरेषेच्या जवळ पडतात, त्यामुळे भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर न्यायला फार अंतर कापावे लागत नाही. आणि त्याचे तळवे रुंद असल्यामुळे दोनच पायांवर उभे राहण्याचा क्षण त्याला निभावून नेता येतो. तरीही डोलणे पूर्णपणे टळत नाही. मी उंटाच्या पाठीवर तीनदा बसले आहे आणि तिन्ही वेळा पहिल्या पाच मिनिटांत होडीची आठवण झाली. वाळवंटातले जहाज ही उपमा वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे, पण ती या डोलण्यातून सुचली असेल तर तिच्यात अजून अर्थ आहे. कमरेतून सैल बसणाऱ्याला हे डोलणे बाधत नाही; ताठ बसणाऱ्याची पाठ संध्याकाळी बोलते.

उंट झेपा घेत पळूही शकतो. घोडा भरधाव सुटला की आपण चौखूर उधळला म्हणतो. उंटाला खूर नसल्यामुळे तो शब्द त्याच्याबाबत वापरावा की नाही, हा प्रश्न भाषेच्या जाणकारांवर सोपवते. अशा पळण्यात थोड्या अंतरापुरता त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो. पण तो त्याचा रोजचा धर्म नव्हे. ओझे घेऊन ताशी चार-पाच किलोमीटरच्या संथ गतीने दिवसाकाठी ४० किलोमीटरच्या आसपास मजल मारणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करणे, हे त्याचे खरे काम. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात आणि बखरींत भेटणारा सांडणीस्वार आठवावा. सांडणी म्हणजे स्वारीची उंटीण. निरोप तातडीने पोचवायचा असे तेव्हा सांडणीवर माणूस घातला जाई, तो काही ती घोड्याहून चपळ म्हणून नव्हे. वाटेत पाणी आणि दाणावैरण यांची काळजी न करता ती एकाच वेगाने दूरवर जात राही म्हणून.

पळणाऱ्या प्राण्याचे पाय नुसत्या डोळ्यांनी टिपणे अवघड असते, हे मला मान्य आहे. घोडा पळताना त्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात की नाही, हा वादसुद्धा १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी छायाचित्रे काढली तेव्हाच मिटला. त्याच मायब्रिज यांनी १८८०च्या दशकात फिलाडेल्फियात शेकडो माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचाली टिपल्या, त्यांत उंटही आहे. म्हणजे उंटाचे पाय कसे पडतात याचा कागदोपत्री पुरावा एका शतकाहून जुना आहे. आज तर कोणाच्याही फोनवर उंटाची चित्रफीत मंदगतीने पाहता येते. एवढी सोय हाताशी असताना चित्रकाराने पाय अंदाजाने काढावेत, याचे मला वाईट वाटले.

आता तळव्यांकडे वळते. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या नखावर उभा असतो. ते नख म्हणजेच खूर. उंटाच्या प्रत्येक पायाला दोन बोटे असतात आणि तो त्या बोटांच्या खाली असलेल्या जाड, मऊ गादीवर चालतो. नखे फक्त पुढच्या टोकाला असतात आणि भार पेलण्यात त्यांचा जवळजवळ वाटा नसतो. शास्त्रज्ञांनी उंट आणि त्याचे दक्षिण अमेरिकेतील भाऊबंद लामा, अल्पाका, ग्वानाको आणि विकुन्या यांच्या गटाला जे शास्त्रीय नाव दिले आहे, त्याचा अर्थच गादीसारखे पाय असलेले असा होतो. पाऊल टेकले की गादी पसरते, उचलले की आवळते. त्यामुळे मऊ वाळूत भार मोठ्या जागेवर वाटला जातो आणि पाय रुतत नाही. पुढचे तळवे मागच्यांहून मोठे असतात, कारण एवढी लांब मान आणि डोके यांचे वजन पुढच्याच पायांवर येते. चित्रकाराने निदान एवढे तरी पाहायला हवे होते, की उंटाचे पाऊल खालून गोलसर आणि पसरट दिसते, त्याला पुढे चीर असते आणि चालताना त्याचा आवाज येत नाही. खुराचा टापटाप आवाज घोड्याचा. उंट जवळ येऊन उभा राहीपर्यंत कळतसुद्धा नाही.

हीच गादी ओल्या चिकणमातीवर मात्र त्याचा घात करते. तिथे रोवायला खूर नाही आणि टोकाच्या नखांचा धरायला उपयोग नाही. उंट घसरतो, मागचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि त्यातून त्याला कायमची दुखापत होऊ शकते. याउलट पाण्याशी त्याचे वैर आहे असेही समजू नये. कच्छच्या किनाऱ्यावरचे खाराई उंट खाडीतून पोहत जाऊन तिवरांच्या बेटांवर चरतात.

या तळव्यांची आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. उंटाचे कुळ वाळवंटातले नव्हेच. ते सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत उदयाला आले आणि पुष्कळ नंतर, आज जिथे बेरिंगची सामुद्रधुनी आहे तिथल्या भूपट्टीवरून आशियात उतरले. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समियर बेटावर सापडलेल्या सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीच्या उंटाच्या पायाच्या हाडांविषयी २०१३ साली माहिती प्रसिद्ध झाली. तो उंट आजच्याहून मोठा होता आणि सहा महिन्यांच्या हिवाळी अंधारातल्या अरण्यात राहत होता. रुंद तळवे तेव्हा बर्फावर उपयोगी पडले असतील आणि चरबीची मदार लांबलचक हिवाळ्यासाठी, असा तर्क संशोधकांनी त्यावरून केला आहे. तर्क खरा असेल तर ज्या अवयवांना आपण वाळवंटाची देणगी म्हणतो, ते वाळवंटाला आयते मिळाले.

पायांच्या वरच्या भागाकडे आले की चित्रातील तिसरी चूक समोर येते. घोडा किंवा गाय यांची मांडी गुडघ्यापर्यंत पोटाच्या कातडीत गुंडाळलेली असते. उंटाची मांडी तशी नसते. मागचा पाय फक्त वरच्या टोकाशी धडाला जोडलेला असतो आणि तिथून खाली तो पूर्ण मोकळा असतो. म्हणूनच उंटाची कंबर कडेने पाहता आत गेलेली, खपाटीला लागलेली दिसते आणि मागचे पाय उगाच लांब वाटतात. या मोकळेपणामुळे तो मागचे पाय घडी घालून सरळ पोटाखाली घेऊ शकतो.

बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो (शरीररचनेच्या भाषेत ते त्याचे मनगट असते, पण आपण गुडघेच म्हणू या), मग मागचे पाय दुमडून मागचा भाग खाली सोडतो आणि शेवटी किंचित सरकून छातीवर स्थिर होतो. छातीखाली एक जाड, कठीण घट्टा असतो. कोपरे, पुढचे गुडघे आणि मागचे गुडघे यांवरचे सहा घट्टे मिळून असे एकूण सात आधार होतात. छातीचा घट्टा इतका उंच असतो, की बसलेल्या उंटाचे पोट जमिनीला चिकटत नाही, खालून हवा खेळत राहते आणि तापलेल्या वाळूचा चटका घट्ट्यांवरच भागतो.

उठण्याची क्रिया याच्या उलट क्रमाने आणि अधिक धसमुसळेपणाने होते. प्रथम तो पुढच्या गुडघ्यांवर येतो, तेव्हा स्वार मागे फेकला जातो. मग मागचे पाय एकदम सरळ करतो, तेव्हा स्वार मानेवर कोसळू पाहतो. शेवटी पुढचे पाय सरळ होतात आणि स्वार, टिकला असेल तर, जमिनीपासून दोन मीटर उंचीवर असतो. रांजणात डोके अडकलेल्या जनावराला सोडवायला आलेला उंटावरचा शहाणा खाली न उतरता दरवाजाच पाडा म्हणाला, याबद्दल आपण त्याला पिढ्यान्पिढ्या हसत आलो आहोत. उंटावरून उतरण्याचा अनुभव असलेल्या कोणालाही त्याच्या हट्टाचा पहिला भाग तरी समजू शकेल.

दिवसभर चालूनही हे पाय थकत नाहीत, याचे एक कारण बाहेरून दिसत नाही. १९८२ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅक्नील अलेक्झांडर आणि त्यांचे सहकारी यांनी उंटाच्या पायांतील कंडरांचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. मागच्या पायात मांडीच्या हाडापासून थेट बोटांपर्यंत जाणारा एक स्नायू असतो. उंटात त्या स्नायूतले आकुंचन पावणारे तंतू जवळजवळ नाहीसे झालेले आहेत आणि उरली आहे ती लांबच लांब कंडरा. पाऊल टेकले की ती ताणली जाते आणि पाऊल उचलताना स्प्रिंगसारखी परत आखडते, त्यामुळे प्रत्येक पावलाला लागणाऱ्या शक्तीचा काही भाग मागच्या पावलाकडूनच परत मिळतो. स्नायूने अन्न खाल्ले असते, कंडरा काही मागत नाही.

मानेविषयी थोडक्यात लिहिते. ती एवढी लांब असली तरी तिच्यात मणके सातच असतात, जेवढे आपल्या मानेत असतात. चित्रात मान घोड्यासारखी खांद्याच्या वरून निघालेली दाखवली होती. उंटाची मान छातीजवळून, खालून निघते, आधी उतरते आणि मग वर चढते, आणि डोके जवळजवळ आडवे राहते. उंटाचे एकही अंग सरळ नाही ही थट्टा जुनी आहे. तिला माझे उत्तर असे, की त्याचा कणा पाहावा. मदारीच्या खाली पाठीचा कणा जवळजवळ सरळ असतो. मदारीत हाड नसते. सांगाडा समोर ठेवला तर मदार कोठे होती हे अनोळखी माणसाला सांगतासुद्धा येणार नाही.

आता त्या ठळक चौकटीकडे येते. मदारीत पाणी नसते, चरबी असते. चांगल्या पोसलेल्या उंटाच्या मदारीत ती तीस-पस्तीस किलोपर्यंत असू शकते. खायला मिळेनासे झाले की ती वापरली जाते, मदार आक्रसते आणि एका बाजूला लुळी पडते. चारा मिळू लागला की पुन्हा उभी राहते. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला भरलेली मदार नसतेच. चरबी साऱ्या अंगावर थराने न पसरता एका जागी गोळा झाल्याचा मोठा फायदा असा, की बाकीच्या देहातून उष्णता बाहेर जायला अडथळा राहत नाही. मदार हे कोठार आहे, हौद नव्हे.

पाण्याचा समज टिकून राहण्यामागे एक अर्धवट हिशेबही आहे. एक ग्रॅम चरबी शरीरात जळली की एक ग्रॅमहून थोडे अधिक पाणी तयार होते, हे खरे आहे. त्यामुळे चरबी म्हणजे फिरून पाणीच की, असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. पण ती चरबी जाळायला प्राणवायू लागतो, तो घ्यायला श्वास घ्यावा लागतो, आणि कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ओल बाहेर जाते. जमाखर्च मांडला तर हाती नफा लागत नाही. मूळचे नॉर्वेचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन यांनी हा हिशेब मांडला. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी बोडिल यांनी १९५३-५४ मध्ये सहारातील बेनी अब्बेस येथे उंट पाळून, त्यांना तहानलेले ठेवून, वजने आणि तापमाने मोजून काम केले. उंटाच्या पोटात पाण्याच्या पिशव्या असतात, हा प्राचीन काळापासूनचा समजही तेव्हाच निकालात निघाला. त्या कप्प्यांतला द्रव पचनाचा होता, पिण्याच्या पाण्याचा साठा नव्हता.

मग उंट तहान कशी सोसतो? पाणी साठवून नव्हे, तर खर्च कमी करून आणि तूट सहन करून. आपल्या शरीराचे तापमान एखाद्या अंशाने वाढले तरी आपण अंथरूण धरतो. तहानलेला उंट आपले तापमान पहाटे ३४ अंश सेल्सियसपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४० अंशांच्या वर चढू देतो. पाचशे किलो वजनाच्या देहाने सहा अंशांची उष्णता घाम न गाळता साठवून ठेवली आणि रात्रीच्या थंडीत फुकट सोडून दिली, तर दिवसाला चार लिटरहून अधिक घाम वाचतो. विशेष म्हणजे पाणी भरपूर मिळत असताना तो असे करत नाही. तेव्हा त्याचे तापमान सुमारे दोन अंशांच्या आतच फिरते. काटकसर ही त्याची सवय नसून गरजेपुरती काढलेली युक्ती आहे. अंगावरचे केस हीदेखील उन्हाविरुद्धची भिंत आहे. केस भादरलेल्या उंटाला सुमारे दीडपट पाणी खर्चावे लागते, असे त्याच प्रयोगांत आढळले. बसताना तो तोंड सूर्याकडे करतो, म्हणजे उन्हाला सामोरे जाणारे अंग कमीत कमी राहते. रात्री उच्छ्वासाची हवा नाकातल्या वळणावळणांच्या गार झालेल्या पडद्यांवरून जाते आणि तिच्यातली बरीचशी ओल तिथेच परत शोषली जाते. मूत्र अत्यंत दाट आणि लेंडी इतकी कोरडी, की ती लगेच जळणाला चालते.

एवढे करूनही तूट येतेच. बहुतेक सस्तन प्राणी शरीराच्या वजनाच्या बारा ते पंधरा टक्के पाणी गमावले की उष्णतेत दगावतात, कारण रक्त दाट होते आणि हृदयाला ते फिरवता येत नाही. उंट पंचवीस टक्के किंवा त्याहूनही अधिक तूट सोसतो. पाणी मुख्यतः ऊतींमधून आणि पोटातून जाते, रक्तातले पाणी पुष्कळसे राखले जाते. हिवाळ्यात ओला चारा मिळाला तर तो महिनोन्‌महिने पाण्याला तोंड लावत नाही. आणि पाणी भेटले, की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊन जातो. एवढे पाणी एकदम रक्तात उतरले तर इतर प्राण्यांच्या तांबड्या पेशी फुटल्या असत्या. उंटाच्या पेशी लंबगोल असतात, हा आकार सस्तन प्राण्यांत उंटाच्या कुळाबाहेर आढळत नाही, आणि त्या मूळ आकारमानाच्या जवळजवळ अडीचपट फुगूनही फुटत नाहीत. उंट एवढे पाणी पितो तो पुढच्या प्रवासाची बेगमी म्हणून नव्हे, मागची उधारी फेडण्यासाठी पितो. तहानलेल्या उंटाचे अंग पाण्याच्या काठावर उभ्या उभ्या भरून येते, ते पाहून मदारीत पाणी गेले असे कोणाला वाटले असेल तर नवल नाही.

दोन मदारींच्या उंटाबद्दलची पुस्ती तर सर्वस्वी उलटी आहे. तो मध्य आशियातल्या कडाक्याच्या थंडीचा रहिवासी आहे; हिवाळ्यात त्याच्या अंगावर दाट लोकर असते आणि उन्हाळ्यात ती गोधडी फाटावी तशी गठ्ठ्यांनी गळते. त्याच्या दोन्ही मदारींत चरबीच असते. जगातील दहांपैकी नऊहून अधिक उंट एका मदारीचे आहेत. गोबीच्या वाळवंटात अजूनही थोडे दोन मदारींचे रानटी उंट उरले आहेत, ते पाळीव उंट पळून रानात गेलेले नसून वेगळीच जाती आहेत, आणि त्यांची गणना अतिधोक्यातील प्राण्यांत होते. मुलांना दुप्पट पाण्यापेक्षा ही माहिती अधिक आवडली असती, असे मला वाटते.

चेहऱ्याबद्दल त्या पानावर फारसे चुकीचे नव्हते. पापण्यांच्या लांब केसांच्या दोन रांगा, हवे तेव्हा मिटता येणाऱ्या नाकपुड्या, केसाळ लहान कान आणि दुभंगलेला वरचा ओठ हे सारे बरोबर आले होते. डोळ्याला तिसरी, आडवी सरकणारी पापणी असते आणि ती वाळू पुसून काढते, एवढे जोडता आले असते. तोंडाच्या आत गालांना शंकूसारखे कठीण काटे असतात, त्यामुळे काटेरी झुडपे चघळताना त्याचे तोंड सोलवटत नाही, हेही.

आपण दुरुस्ती छापणार असाल तर मजकुरातील दोन वाक्ये बदलली तरी काम भागेल. चित्र मात्र नव्याने काढावे लागेल, त्यात डागडुजी होणार नाही. डाव्या बाजूचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले आणि पुढे झेपावलेले, उजव्या बाजूचे दोन्ही टेकलेले. देह किंचित उजवीकडे कललेला. तळवे पसरट, दोन बोटांचे. मागची मांडी पोटापासून मोकळी, तिच्या पुढे कमरेची खोलगट रेषा. मान छातीच्या खालच्या भागातून निघून वर वळलेली. आणि मदारीखालचा कणा मनात सरळ धरून मगच तिचा आकार वर ठेवलेला. मी माझ्या जुन्या वह्यांतली अशी काही रेखाटने शोधून ठेवली आहेत. चित्रकारांना त्यांचा उपयोग होणार असेल, तर आपल्या कार्यालयाकडे पाठवून देईन. काम झाल्यावर ती परत मिळावीत, एवढीच अट आहे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका